चिखलात उभी राहणारी होडी

दादा,

आधीच सांगते, माझ्या लिहिण्याला हसू नकोस. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. अक्षर तर तुला माहीतच आहे. रेझिनच्या डब्यांवर मी तारीख घालायचे तेव्हा तू म्हणायचास, "बायो, ही तारीख आहे की झुरळ मेलंय?" चौथी शिकलेल्या बाईचं आहे, समजून घे. हे कोणाला दाखवायचं नाही, वहिनीलासुद्धा नाही. ती दुपारची पडली आहे आणि मी शेडमध्ये पाटावर बसून, मांडीवर प्लायचा तुकडा घेऊन लिहिते आहे.

तुला जाऊन तीन महिने होत आले. अजून कोणी ना कोणी भेटायला येतं आणि कसं झालं ते विचारतं. वहिनी सगळं सांगते. मी चहा ठेवायला आत जाते. इथेही ते लिहिणार नाही. कसं झालं ते तुला माहीत आहे, तू तिथेच होतास.

मला तुझ्याशी होडीबद्दल बोलायचं आहे. आपलं भांडण अर्ध्यात राहिलं, आणि आता मला एकटीलाच दोन्ही बाजूंनी भांडावं लागतं.

ते सुरू झालं माझ्या परातीत. आठवतं? तेव्हा तू अंधेरीच्या कंपनीत पाण्याच्या टाक्या बनवायचास, ही शेड अजून घेतली नव्हती. रविवार होता. मी कणीक मळून ठेवली होती आणि तू परातीत पाणी ओतून थर्माकोलची होडी सोडली होतीस. तिला एक काडी खोचली, काडीला कागदाचं शीड लावलं. फुंकर मारलीस की ती आडवी व्हायची. मग तू माझ्या कणकेतला गोळा तोडलास, तो एका पट्टीच्या टोकाला लावलास आणि पट्टी होडीच्या पोटाखाली उभी खोचलीस. परत फुंकर मारलीस. होडी वाकली आणि उठली. पुन्हा वाकली, पुन्हा उठली.

"बघितलंस? ही कील. पोटाखाली उभा पंख आणि पंखाच्या तळाशी वजन. आता ही उलटायची नाही."

वहिनी म्हणाली, "आणि चपात्या?"

तू ऐकलंच नाहीस. मला म्हणालास, हात पाण्यात घाल. तळवा सपाट धरून ढकल. पाणी अडवतं. आता हात पातळ बाजूने ढकल. सुरीसारखा जातो. "कील हेच करते. बाजूला सरकू देत नाही, पुढे जाऊ देते. म्हणून वारा समोरून आला तरी तिरकं तिरकं जाऊन माणूस वाऱ्याच्या घरात पोचतो." मी परातीत हात फिरवत बसले. मला समजलं. शाळेत असं हात घालून कोणी शिकवलं नव्हतं.

मग मी पाणी थोडं काढून टाकलं, उगाच, काय होतं बघायला. पट्टी परातीच्या तळाला टेकली आणि होडी कुशीवर पडली. मी म्हटलं, "दादा, खाडी रोज सुकते. तेव्हा ही अशी झोपणार."

तू म्हणालास, "गप गो. हिला खोल पाण्यात बांधायचं."

तिथून आपलं भांडण सुरू झालं. नऊ-दहा वर्षं चाललं असेल.

मार्व्याच्या खाडीकाठी ही शेड घेतलीस तेव्हा कोळीवाड्यात सगळ्यांना वाटलं, टाक्या बनवणारा आला. पावसाळ्याआधी त्यांच्या होड्यांच्या फुटलेल्या कडा तू नीट करून द्यायचास, त्यामुळे मान होता. पण तू मजेसाठी शिडाची होडी काढतो आहेस हे कळल्यावर बाळा नाखवा स्वतः बघायला आला. आपल्या शेजारचा धक्का त्यांचा, दोन होड्या त्यांच्या, वाड्यात त्यांचा शब्द चालतो. मी टाकीमागे जाऊन उभी राहिले, पण सगळं ऐकत होते.

"मासं धरायचं नाय, मानसं उतरवायची नाय, मंग पान्यात जायाचं कशाला?"

"वारा खायला, नाखवा."

"वारा त धक्क्यावर पन फुकट हाय."

तरी जाताना त्यांनी तुझ्या प्लायच्या फासळ्यांवरून हात फिरवला. तेव्हा होडी म्हणजे नुसता माशाचा सांगाडा होता. पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरून जुन्या जाळ्यांची शिसं आली, पाटीभर. वाड्यातल्या बाकीच्या घरांनीही दिली. तुझ्या कीलमधलं निम्मं वजन कोळीवाड्याच्या जाळ्यांतलं आहे.

त्या सांगाड्यावर पट्ट्या, पट्ट्यांवर पुट्टी, आणि मग घासणं. ते माझं काम. महिनेच्या महिने घासलं. तू म्हणायचास की आत्ता ही खरी होडी नाही, ही होडीची बाहेरची आकृती आहे, हिच्यावरून मोल्ड निघणार, आणि त्या मोल्डच्या पोटातून होड्या. म्हणजे इथे एक उंचवटा राहिला तर प्रत्येक होडीला तो राहणार. तू मला डोळे मिटायला लावायचास आणि नाकाकडून मागेपर्यंत तळवा फिरवायला सांगायचास. "डोळा फसतो. तळव्याने बघ." मी चालत चालत जायचे आणि म्हणायचे, इथे. तू पेन्सिलने खूण करायचास. कधी मी चुकायचे, नसलेला उंचवटा सांगायचे, तरी तू घासून घ्यायचास. पुढे काचेच्या धाग्यांची मॅट कापायला लागले तेव्हा अंगाला इतकी खाज सुटायची की रडू यायचं. मी गरम पाणी काढलं तर तू धावत आलास, "गरम नको, थंडच घे, गरमने काच आत शिरते." बाथरूमच्या दाराबाहेरून ओरडत होतास. शेजारी काय म्हणाले असतील!

मुलुंडचे शेठ तेव्हा आले. त्यांच्या गोदामाला तू टाक्या दिल्या होत्यास. त्यांना नातवंडांना घेऊन रविवारी पाण्यात जायचं होतं. तुझं ड्रॉइंग बघून त्यांनी तिथेच अर्ध्याहून जास्त पैसे दिले. त्या पैशातून मोल्ड झाला, पहिली होडी झाली, डोलकाठी आणि शिडं आली. वहिनीने पेढे वाटले. तू मात्र म्हणालास, पेढे नंतर, आधी तिला पाडून बघूया.

तो दिवस मी विसरणार नाही. भरतीचं पाणी, धक्क्यावर अख्खा वाडा. डोलकाठीच्या टोकाला दोरी बांधून नाखव्याची माणसं ओढत होती, आणि होडी कलत गेली, कलत गेली, शेवटी काठी पाण्याला टेकली. बायका हाय हाय करायला लागल्या. तू कमरेएवढ्या पाण्यात उभा होतास. ओरडलास, "सोडा!"

आणि ती उठली. घाई न करता, एखादी बाई जेवून उठावी तशी. थोडी डुलली आणि सरळ उभी राहिली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. नाखवा म्हणाला, "परत!" परत पाडली, परत उठली. तू भिजलेला तसाच माझ्याकडे आलास. मी मागे, शेडच्या दारात उभी होते. म्हणालास, "आता बसशील?"

मी म्हटलं, बघू.

दादा, हे आपण कधी बोललो नाही. गावाला पाचवीची शाळा खाडीपलीकडे होती. तू तरीच्या होडीने जायचास. माझी पाचवी सुरू होणार त्याच पावसाळ्यात माणसांनी भरलेली ती तरीची होडी कलली. कोणी बुडालं नाही, पण मी त्यात होते आणि पाण्याखालून मी तिच्या तळाचं लाकूड पाहिलं. त्यानंतर मी तरीत पाय ठेवला नाही. आईने ओढून नेलं, बाबांनी मुंबईहून येऊन मारलं, तरी नाही. माझी शाळा तिथे संपली. तू रोज एकटा जायचास आणि संध्याकाळी पाटीवर मला काहीतरी दाखवायचास. न उलटणारी होडी तू का काढलीस हे मी तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, "चल, शेठच्या पैशासाठी." म्हणूनही विचारलं नाही.

होडी पाडून बघितली त्यानंतर आठच दिवसांनी ते झालं.

तू होडी बाहेर, खाडीच्या मधल्या खोल पट्ट्यात बांधली होतीस. तिथे सिमेंटचा मोठा ठोकळा टाकून साखळी लावली होती. सकाळी तू शेठना आणायला मुलुंडला गेलास. मागे वारा वाढला. नाखव्याने धक्क्यावरून पाहिलं, नवी होडी एकटीच बाहेर हेलकावे खाते आहे. कोळीवाड्यात नवी होडी अशी बाहेर सोडून कोणी जात नाही. शेजाऱ्याचा माणूस घरी नसेल तर शेजारी ती ओढून काठाला आणतो. रीतच आहे ती. त्यांनी चार माणसं घेतली, तिला धक्क्याजवळ आणली आणि आपल्या होड्यांच्या ओळीत छान बांधली. वर हारसुद्धा घातला, शेठ येणार म्हणून.

मी शेडमध्ये होते. मला कळेपर्यंत सुकती लागून पाणी उतरायला लागलं होतं. मी धावत गेले, पण माझ्या तोंडून काय निघणार? तिथे दहा पुरुष. मी वहिनीला बोलावलं, वहिनीने नाखव्याला सांगितलं, पण तोवर कील चिखलात रुतली होती. नाखव्याच्या होड्या रोजच्यासारख्या पोटावर बसल्या. आपली कललीच. आधी थोडी, मग जास्त. वहिनी दोन्ही हातांनी तिला धरायला गेली, जणू गाय आहे. शेवटी ती कुशीवर पडली, आणि चिखलात जुना खुंट होता तो नेमका तिच्या बरगडीखाली आला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तू शेठना घेऊन आलास. शेठ धक्क्यावर पांढऱ्या बुटांत उभे. मग म्हणाले, "ये क्या, सो गयी?"

कोणी हसलं नाही.

तू एवढंच म्हणालास, "पाणी येईल तेव्हा उठेल, शेठ." ते म्हणाले, "आणि पाणी नसेल तेव्हा? माझी नातवंडं आत असतील तर?" रागावले नव्हते. त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. दोन दिवसांनी त्यांनी पैसे परत मागितले. तू शब्द दिलास की पैसे फिटेपर्यंत या मोल्डमधून दुसरी होडी काढणार नाही, आणि नाहीच फिटले तर मोल्ड त्यांचा. तू तिथे नाखव्याचं नाव घेतलं नाहीस.

मी त्या रात्री जेवले नाही. म्हटलं, "नाखव्यांनी ओढली म्हणून सांगायचं ना. त्यांनी तिथेच राहू दिली असती तर ती बाहेर उभी असती."

"आणि सांगून?"

"शेठनी दुसरी संधी दिली असती."

"नाखव्याने माझी होडी आपली समजून ओढली, बायो. आता त्याचंच नाव सांगू? उद्या याच धक्क्यावर उभं राहायचंय आपल्याला."

नाखवाही आला होता, पुढच्या दिवशी. उंबऱ्यातच उभा. "आमच्या होड्या कदी पडत नाय रं. तुजी पडंल हे डोस्क्यातच आलं नाय." तू त्यांना आत बसवलंस. वहिनीने चहा दिला. तेही रडले नाहीत आणि तूही नाही, पण चहा दोघांचाही थंड झाला. मी मात्र बरेच महिने नाखव्यांशी बोलले नाही. तसंही मी कोणाशी बोलतच नाही, त्यामुळे त्यांना कळलं नसेल.

मग मोल्डवर गोणपाट पडलं. आपण बागेतल्या घसरगुंड्या केल्या, कुंड्या केल्या, गणपतीच्या मखराचे खांब केले. थोडं साठलं की तू मुलुंडला जाऊन द्यायचास. कधी उरलेलं शिसं विकायला काढायचास आणि परत ठेवून द्यायचास. फुटलेली होडी तू नीट करून शेडमध्ये लाकडी घोड्यांवर उभी केलीस. तिला कोणी घेईना. बघायला आलेला माणूस वाड्यात एक चहा प्यायला की त्याला सगळी गोष्ट कळायची.

त्या वर्षांतही आपण मजा केली, ते मी विसरत नाही. तू मला शेडमध्येच शीड चालवायला शिकवलंस. कोरड्या जमिनीवर! घोड्यांवर चढवलेल्या होडीत आपण दोघं बसलेलो, समोर तो मोठा पंखा लावलेला, आणि तू सुकाणू धरून ओरडायचास, "वळतोय! सोड! ओढ आता, ओढ!" मी पुढच्या शिडाची दोरी एका बाजूची सोडायचे, दुसऱ्या बाजूची ओढायचे. वहिनी भाजी निवडत खाली बसलेली. "अलिबाग आलं की सांगा, मला उतरायचंय." जमिनीवर मला भीती वाटायची नाही. तुला ते माहीत होतं.

बोरिवलीच्या डॉक्टरीणबाई गेल्या वर्षी आल्या. मनोरीला त्यांनी लहान घर घेतलं आहे, खाडीला लागून. त्यांना अशी होडी हवी होती जी घरासमोर बांधता येईल. आणि घरासमोर पाणी दिवसातून दोनदा जातं. मी मॅट कापत होते. मी वर बघितलंही नाही. पण तू माझ्याकडे बघितलंस.

"हसू नकोस," म्हणालास.

"मी कुठे हसले?"

"तुझं गप्प बसणं ऐकू येतं मला."

बाईंना तू आधी नाही म्हणालास. एका खोल कीलऐवजी दोन आखूड कील लावल्या की होडी दोन पायांवर उभी राहते, हे तुला परातीच्या दिवसापासून माहीत होतं. पण तुला ती आवडत नव्हती. दोन पाय म्हणजे पाण्यात दुप्पट अडथळा, वजन वर येतं, वाऱ्यावर चढताना रखडते. "ही होडी नाही, पाटावर बसलेली बाई आहे," असं म्हणालास आणि मग माझ्या पाटाकडे बघितलंस. दोन दिवस तोंड फुगवून होतास. तिसऱ्या दिवशी पहाटे मला उठवलंस. तुझ्या दोन्ही कोपरांवर पेन्सिलीचा काळा रंग होता.

"बायो, पाय सरळ खाली नको. असे. बाहेरच्या अंगाला फाकलेले." दोन्ही हात अंगापासून बाहेर फाकवून दाखवत होतास. "होडी वाऱ्याने कलली की एक पाय वर येतो आणि दुसरा बरोब्बर सरळ खाली जातो. कलेल तेव्हा चालेल, थांबेल तेव्हा उभी राहील."

तुला इतकं आनंदात मी बऱ्याच वर्षांनी बघत होते. मी म्हटलं, "म्हणजे माझंच खरं."

"तू जिंकलीस असं समजू नकोस. वाऱ्यावर बघू."

घोड्यांवरच्या त्या होडीची जुनी कील तू स्वतः कापलीस. मला बाहेर पाठवलंस. शिसं पुन्हा वितळवलं, थोडं जास्त घातलं, कारण आता वजन इतकं खोल राहणार नव्हतं. पाय बसवले, जोड भक्कम केले, आतून मॅटचे थरावर थर दिले. फक्त सुकाणूची एक बिजागरी बसवायची राहिली होती. ती तू संध्याकाळी बसवणार होतास.

बारावं-तेरावं झालं आणि शेठचा फोन आला. वहिनीशी चांगलं बोलले, तुझी आठवण काढली. मग म्हणाले, एक पार्टी आहे, मोल्ड घ्यायला तयार आहे, होळीपर्यंत थांबतो, नाहीतर ट्रक पाठवतो. तुझ्या शब्दाप्रमाणेच ते बोलत होते. वहिनीने फोन ठेवला आणि म्हणाली, "जाऊ दे तो मोल्ड. शेडमध्ये जागा तरी होईल." असं म्हणाली आणि गोणपाटावर डोकं टेकून रडली.

मी गोणपाट काढून आत बघितलं. मोल्ड आतून अजून आरशासारखा आहे, दादा. तुझी रेघ त्यात आहे. माझा तळवा आहे. ट्रकमधून तो कुठेतरी जाईल, त्यातून होड्या निघतील आणि त्यांना माहीतही नसेल की त्या कोणाच्या. मला ते नको होतं. इतकं नको होतं की मी स्वतः डॉक्टरीणबाईंना फोन लावला. माझा आवाज ऐकून त्यांना वाटलं राँग नंबर आहे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. होडी मनोरीपर्यंत जाऊन यावी, आणि सुकतीला त्यांच्या डोळ्यांसमोर चिखलात उभी राहावी. मग पूर्ण पैसे.

बिजागरी नाखव्याने बसवली. सुकाणूही तेच धरणार होते, तरुणपणी ते शिडावर गेलेले आहेत. पण पुढच्या शिडाची दोरी कोणाला माहीत नाही. नाखवा माझ्याकडे बघून म्हणाला, "तुजा भाव तुला शिकवून गेला ना? मंग बस."

वहिनी म्हणाली, "ती नाही बसायची. ती कधी बसत नाही."

मी बसले, दादा.

सुरुवातीला बराच वेळ मी फक्त होडीचा तळ बघत होते. मॅटचे धागे मोजत होते. मग नाखवा ओरडला, "वळतूय!" आणि माझे हात आपोआप गेले, सोड, ओढ. शेडमधल्या पंख्यापेक्षा वारा खूप मोठा होता आणि तो एका जागी थांबत नव्हता, हे तू सांगितलं नव्हतंस. होडी कलली. माझ्या बाजूने पाणी जवळ आलं, अगदी हाताला लागेल इतकं. मी डोळे मिटले. तिने तेवढंच कलून धरलं आणि पुढे निघाली. मी डोळे उघडले तेव्हा नाखवा हसत होता.

आता तुझं खरं सांगते. वाऱ्याच्या तोंडावर ती रखडते. मनोरीकडे जाताना समोरचा वारा होता, आणि आम्ही एका नारळाच्या झाडाकडे बघत तिरके निघालो, तर पोचलो त्या झाडापासून पार लांब, दुसऱ्याच घरापाशी. खेकड्यासारखी बाजूला सरकते. परत वळून, परत वळून, फेरीबोट दोनदा आम्हाला ओलांडून गेली, वरच्या पोरांनी टाटा केला. नाखवा म्हणाला, "तुज्या भावाची एका पायाची असती त कवाच पोचलो असतो." मी मान हलवली. तुझं बरोबर होतं. तुला हे समोर म्हणायचं होतं मला, आणि तुझं तोंड बघायचं होतं.

मग सुकती लागली. डॉक्टरीणबाई त्यांच्या गेटपाशी, वहिनी त्यांच्याजवळ. पाणी उतरत गेलं. आधी पायांची टोकं लागली, एक धक्का बसला. होडी जरा हलली, जशी माणसं चप्पल काढून नीट उभी राहतात तशी. पाणी गेलं. ती उभीच. नाखवा उडी मारून उतरला, गुडघाभर चिखलातून तिच्याभोवती फिरला, दोन्ही पायांना हात लावला. मग तो हात कपाळाला लावला. तेही इतकी वर्षं त्या दिवसाचं ओझं वाहत होते, हे मला तेव्हा कळलं. मी त्यांना वरून म्हटलं, "नाखवा, चहा घेणार?" त्यांच्याशी मी बोललेलं बहुतेक ते पहिलंच वाक्य.

डॉक्टरीणबाई शिडीने चढून आल्या, आत बसल्या, आणि आम्ही सगळ्यांनी थर्मासमधला चहा तिथे बसून घेतला, चौफेर चिखल, आणि कप एकाचाही कलला नाही. बाईंनी होडी घेतली. त्यांनी विचारलं, अशीच अजून कोणाला हवी असेल तर? वहिनी म्हणाली, आधी मुलुंडला जाऊन येतो.

तर आपलं भांडण असं झालं, दादा. उभी राहण्यात माझं खरं, चालण्यात तुझं. तू असतास तर म्हणाला असतास, मग होडी चालायलाच असते ना. मी म्हटलं असतं, थांबायलाही असते. इथे मी थांबते, कारण पुढचं तुझं बोलणं मला करता येत नाही. प्रयत्न केला. येत नाही.

काल आम्ही मुलुंडला गेलो. बोलायचं वहिनीने ठरलं होतं. शेठ आता म्हातारे झालेत, नातवंडं मोठी झाली, एक तर कॉलेजात आहे. त्यांनी पाणी दिलं, तुझा फोटो मागितला, मोबाइलवर बघितला. वहिनीने पाकीट पुढे केलं. त्यांनी त्यातल्या थोड्या नोटा काढून तिच्याकडे सरकवल्या. "इतना रहने दो, बेन. माणूस गेला. एवढे माफ."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. ते पैसे आम्हाला लागत होते, खोटं कशाला बोलू. घराचं भाडं, शेडचं भाडं. शेठ मनापासून देत होते. पण मला तुझा शब्द आठवला. आणि मीच बोलले.

"नको, शेठ. थोडे राहिले तर मोल्ड थोडा तुमचा राहील."

शेठ हसले, मोठ्याने. नोटा पुन्हा पाकिटात घातल्या आणि पाकीट तसंच खणात ठेवायला लागले.

मी म्हटलं, "मोजा."

त्यांनी चष्मा लावला आणि मोजले. पूर्ण होते.